फोनवरच्या तासात लेकरं लगेच हात टेकतात, त्याचं काय करावं?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतर शिक्षकांनाही संदर्भ लागेल. बीड जिल्ह्यात वस्तीवरच्या एका जिल्हा परिषद शाळेत तुमच्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे. अतिवृष्टीत शाळा बंद पडली तेव्हा तुम्ही संध्याकाळी फोनवर तास सुरू केला. दिवाळीच्या सुमाराला बरीच घरं ऊसतोडीला जातात, म्हणून तो पुढेही चालू ठेवला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. गणित जरा अडलं की लेकरू "बाई, मला येईना" म्हणतं आणि कॅमेरा बंद करतं. स्वाध्यायाचे फोटो येतात ते वडिलांच्या नाहीतर मोठ्या बहिणीच्या अक्षरात. आणि पहिले आठ-दहा दिवस सगळे येतात, मग निम्मे गळतात. चिकाटी वाढवायला कोणते उपक्रम घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं देतो. चिकाटीसाठी वेगळा उपक्रम घेऊच नका. पुन्हा पुन्हा पडून चढणाऱ्या कोळ्याची गोष्ट सांगून वजाबाकी सुटत नाही. लेकरू कामाला टिकतं ते दोन गोष्टींमुळे: त्याच्या प्रयत्नाला वेळेवर आणि नेमकं उत्तर मिळतं, आणि ते काम त्याच्या हातातून कुणी काढून घेत नाही. वर्गात या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपोआप होतात. तुम्ही रांगेतून फिरता, पेन्सिल थांबलेली दिसते, तुम्ही खाली वाकून "कुठं अडलं रे?" विचारता. फोनवर पेन्सिल थांबलेली दिसत नाही, म्हणून तिथं हे सगळं मुद्दाम घडवून आणावं लागतं.

तुमची हीच मुलं शाळेबाहेर बघा. मोठ्या माणसाची सायकल, सीटवर बसता येत नाही, म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकतात. गुडघे फुटतात, कोपरं सोलतात, घरी बोलणी बसतात, तरी दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांना कुणी चिकाटीचा धडा दिलेला नसतो. सायकल त्यांना लगेच सांगते की तोल कुणीकडे गेला, आणि पुढच्या वेळी ते तेवढंच सुधारतात. आता स्वाध्यायाचं बघा. सहा वाजता वहीचा फोटो ग्रुपवर गेला. रात्री दोन निळ्या खुणा दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना मिळून एक अंगठा आला. त्या लेकराला काय कळलं? काहीच नाही. असं दहा दिवस झालं की आठ वर्षांचं शहाणं मूल ते काम सोडून देतं. त्याला आपण आळशी म्हणतो, पण माझ्या मते त्याचा हिशेब बरोबर असतो.

म्हणून कुणाला "चिकाटी नाही" असं ठरवण्याआधी फोनची परिस्थिती नीट विचारून घ्या. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, असरच्या (ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची 'प्रथम' संस्था करते त्या) पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. आकडा वाढला हे चांगलंच. पण घरात फोन असणं आणि संध्याकाळी साडेसहाला तो लेकराच्या हातात असणं यात फार अंतर आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाप अंधार पडल्यावर शेतातून येतो, फोनला चार्ज नसतो, लाइट गेलेली असते. अठ्ठावीस दिवसांचा पॅक संपला की पुढचा कधी टाकायचा ते मजुरी हातात पडण्यावर ठरतं. भावंडं तीन असली तर दहावीतल्या भावाचा तास आधी, हे घरात न बोलता ठरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी एवढंच विचारा: फोन कुणाचा, घरी किती वाजता येतो, रेंज कुठं मिळते, लेकराजवळ कोण बसतं. उत्तरं वहीत लिहून ठेवा. तुमच्या गळालेल्या मुलांपैकी काही या यादीतच सापडतील, आणि त्यांच्यासाठी चिकाटीचा नव्हे, वेळेचा नाहीतर साध्या कॉलचा उपाय लागेल.

यालाच जोडून, दिलेल्या शब्दाचं महत्त्व. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका मोठ्या माणसानं सांगितलं, थोडं थांब, मी चित्रासाठी चांगलं साहित्य आणतो. काही मुलांना ते खरंच आणून दिलं. बाकीच्यांना "माफ कर, शिल्लकच नाही" असं सांगितलं. मग सगळ्यांसमोर एक गोड गोळी ठेवली आणि सांगितलं, आत्ता खाल्ली नाहीस तर नंतर दोन मिळतील. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव आला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा भरवसा मोडला होता ती तीन मिनिटं. मुलांचा स्वभाव तोच, समोरच्याचा भरवसा वेगळा.

तेव्हा कमी सांगा, पण सांगितलेलं चुकवू नका. "उद्या सगळ्यांच्या वह्या तपासते" असं म्हणू नका, बावीस वह्या फोनवर तपासून होत नाहीत. "आज या पाच जणांना रात्री आठच्या आत उत्तर देते" म्हणा आणि पावणेआठला द्या. उद्या दुसरे पाच. तास होणार नसेल तर वेळेआधी कळवा. नेट नसेल तर दोन मिस्ड कॉल म्हणजे आज तास नाही, एक म्हणजे दहा मिनिटं उशीर, एवढी खूण घराघरात पक्की करून ठेवता येते. अशा गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण लेकराला वाट बघायला लावून तास झाला नाही असं दोनदा घडलं की तिसऱ्यांदा ते फोनजवळ येत नाही.

आता काम किती आणि कसं द्यायचं. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं (आताच्या शिक्षण मंत्रालयानं) जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी प्रज्ञाता नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या, असं म्हटलं होतं. ती वरची मर्यादा आहे, तेवढं भरलंच पाहिजे असं नाही. तिसरी-चौथीला संध्याकाळचे वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. त्यातली पाच बोलण्याची, दहा मुलांनी एकट्यानं करायची, आणि उरलेली अडलेल्या जागेवर बोलायची. सबंध वेळ आपणच बोलत राहिलो तर लेकराला अडायची संधीच मिळत नाही, आणि जे कधी अडलंच नाही ते टिकायला कुठून शिकणार?

उदाहरणं तीनच द्या. पहिलं त्याला नक्की येणारं. दुसरं जरा विचार करायला लावणारं. तिसरं असं की बहुतेक जण एकदा तरी अडतील. आणि आधीच सांगा: "तिसऱ्यात अडायला होणार आहे. अडलात की थांबायचं नाही, जिथं अडलात तिथं गोल करायचा आणि पुढं एक तरी पायरी करून बघायची." अडणं अपेक्षितच आहे हे आधी माहीत असलं की लेकराला ती आपली कमतरता वाटत नाही. मात्र पातळी बघा. असरच्याच पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. आपल्या जोडवर्गातही चौथीच्या पटावर असून जोडाक्षरं न येणारी लेकरं असतात. त्यांच्यासमोर चौथीचा धडा ठेवून "प्रयत्न कर, जमेल" म्हणणं हा अन्याय आहे. जे जमणारच नाही त्याला चिकटून राहिल्यानं चिकाटी येत नाही, उलट अभ्यासाची भीती बसते.

एक उदाहरण जवळून सांगतो, कारण खरी गोष्ट अशा तपशिलातच असते. चौथीतल्या एका मुलीला मी ४०२ वजा १७८ दिलं होतं. तिनं ३७६ लिहून फोटो पाठवला. हे उत्तर कसं आलं ते आपल्याला दिसतंच: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. पण मी चूक सांगितली नाही. व्हॉइस मेसेज पाठवला, "एककाच्या घरात काय केलंस ते मला बोलून सांग." तिचं उत्तर आलं, "गुरुजी, दोनातून आठ जाईनात, म्हणून आठातून दोन काढले."

बघा, त्यात किती विचार आहे! अडली, पण सुटायला तिनं स्वतःची वाट काढली. ती चुकीची निघाली, एवढंच. मी म्हटलं, "दोनातून आठ जात नाहीत हे तू बरोबर ओळखलंस. आता असं बघ, तुझ्याकडे शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपये सुटे आहेत. दुकानदाराला १७८ द्यायचेत. आठ रुपये सुटे कुठून आणशील? पूर्ण नाही सुचलं तर कुठपर्यंत आलीस तेवढंच सांग."

थोड्या वेळानं आवाज आला, "दहाची नोटच नाही." मी फक्त "हो, नाही. मग?" एवढंच पाठवलं. तिनं कागदाच्या चिठ्ठ्या करून शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा केल्या, त्यातली एक मोडून सुटे केले. उत्तर आलं २३४. म्हणजे दहाची एक नोट मोडली, पण मोडल्यावर दहाच राहिल्या असं धरलं. इथंही मी चूक सांगितली नाही. "ताळा कर" म्हटलं. २३४ आणि १७८ मिळवले तर ४१२. तिनंच सांगितलं, "दहा जास्त यायलेत." आणि पुढचा फोटो आला तो २२४ चा. तिन्ही आकडे त्याच पानावर होते, दोन खोडलेले, एक गोल केलेला.

ताळ्यावर मी एवढा भर देतो, कारण फोनवरच्या शिक्षणात तो शिक्षकापेक्षाही भरवशाचा आहे. रेंज गेली, बाईंचा फोन लागला नाही, तरी ताळा लगेच सांगतो की बरोबर की चूक, आणि कितीनं चूक. लेकराच्या प्रयत्नाला उत्तर द्यायला दरवेळी आपणच हवं असं नाही. कामातूनच उत्तर मिळेल अशी कामं निवडा. वजाबाकीला ताळा, भागाकाराला गुणाकार. मोजमापाला घरातलं मोजपात्र: अर्धा लिटरची बाटली दोनदा ओतली की लिटरचं माप भरलं पाहिजे. भाषेत, सूचना लिहायची आणि धाकट्या भावानं ती वाचून तसंच करून दाखवायचं. तो चुकला म्हणजे आपलं लिहिणं कुठंतरी अपुरं आहे, हे लिहिणाऱ्याला समोरच दिसतं. परिसर अभ्यासात भिजवलेली मटकी तीन दिवस बघून रोज मोड किती वाढला ते लिहायचं. अशी कामं दिली की तुमच्या आठ वाजेच्या उत्तराची वाट बघत मूल अडकून पडत नाही.

अजून एक बारीक सूचना. अशा कामाला पाटी वापरू देऊ नका, निदान फोटो पाठवायच्या गणिताला तरी नको. पाटीवरचं पुसलं की चूक गेली, आणि ती कशी सुधारली तेही गेलं. वहीतही खोडरबर बाजूला ठेवायला सांगा. चुकलं की एक आडवी रेघ मारायची, खाली परत करायचं. मला सुवाच्य पान नको, कच्चं पान पाठव, असं स्पष्ट सांगा. सुरुवातीला लेकरं बिचकतात, कारण घाणेरड्या वहीसाठी ती आजवर ओरडा खात आलेली असतात. तुम्ही एका खोडाखोडीच्या पानाकडे लक्ष देऊन "या दुसऱ्या रेघेनंतर तू नोट मोडायचं ठरवलंस, तिथं गाडी रुळावर आली" असं बोललात की मग पानं येऊ लागतात.

पालकांच्या अक्षरातल्या स्वाध्यायाबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय. तुमची चीड समजते, पण त्यात पालकांचा दोष मी कमी धरतो. सगळ्यांचे फोटो एकाच ग्रुपवर पडतात. "आपल्याच पोराचं राहिलं" ही लाज आईबापाला लागते. शिवाय फोन परत हवा असतो, चूल पेटवायची असते, दूध काढायचं असतं. मग "आण इकडं" म्हणून बाप दोन मिनिटांत उत्तर लिहून मोकळा होतो. पण त्याचा परिणाम मुलावर होतो, हे प्रयोगातही दिसलंय. ज्युलिया लेनर्ड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत कोडी सोडवून बघितली. काही मुलांच्या हातातलं कोडं मोठ्यांनी घेऊन स्वतःच सोडवलं, काहींना नुसतं बोलून दिशा दाखवली. नंतर वेगळंच अवघड काम दिल्यावर, ज्यांच्या हातातून काम काढून घेतलं होतं त्यांनी लवकर नाद सोडला. हा अभ्यास २०२१ चा आहे. मदत केली यात वाईट काही नव्हतं. हातातून काढून घेतलं, ते नडलं.

तेव्हा पहिली गोष्ट, स्वाध्यायाचे फोटो ग्रुपवर मागवणं आजपासून बंद करा. तुमच्या वैयक्तिक नंबरवर मागवा. तुलना थांबली की निम्मी लाज आपोआप जाते. दुसरी, अपूर्ण वही चालते हे पालकांना एकेकाला फोन करून सांगा, ग्रुपवर लिहून भागत नाही. "दादा, तिसरं गणित सुटलं नाही तरी चालतंय. पण पोरीनं स्वतः जेवढं केलं तेवढंच पाठवा. तुम्ही केलेलं आलं की तिला काय येत नाही ते मला कळतच नाही." हे बापाला पटतं, कारण त्यात त्याच्यावर आरोप नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची. लेकराजवळ आजीला बसवा. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर आजीआजोबाच असतात, आणि आपण त्यांना "अडाणी आहेत, त्यांचा काय उपयोग" म्हणून वगळतो. एका आजीला मी बसायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्या शाळंचं तोंड बी बघितलं न्हाई गुरुजी. मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "कळत नाही म्हणूनच तुम्ही बसा. नातवानं गणित केलं की त्याला म्हणायचं, मला समजावून सांग. आणि तो अडला की विचारायचं, कुठपस्तोर आलास? बास, एवढंच." ज्याला उत्तर येतं त्याला गप्प बसणं फार जड जातं. आजीला उत्तर येत नसतं, त्यामुळे ती हातातून काम काढून घेऊच शकत नाही. ती बसते, ऐकते, मान हलवते. आणि नातवाला आजीला समजावताना स्वतःलाच कळतं की आपली पायरी कुठं निसटली.

शाबासकीचं थोडं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून बऱ्याच जणांनी वाचला असेल. सोपं काम जमल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. मग अवघड काम देऊन सगळ्यांनाच अपयश येऊ दिलं. हुशार म्हटलेल्या मुलांना पुढं काम करत राहावंसं कमी वाटलं, आणि नंतरच्या कामात ती मागेही पडली. कारण उघड आहे: जमलं म्हणजे हुशार, तर नाही जमलं म्हणजे कोण? पण यातून "मेहनत घेतलीस, शाब्बास" असं सरसकट म्हणायची सवय लागते, तीही कामाची नाही. लेकरू अर्धा तास चुकीच्या रीतीनं झटलं आणि आपण मेहनतीचं कौतुक केलं, तर ते उद्याही तसंच झटेल. काय केलं ते नेमकं सांगा: "पहिल्यांदा सुटलं नाही तेव्हा तू चिठ्ठ्या करून बघितल्यास." एवढं पुरे. आणि "आजचे चमकते तारे" म्हणून ग्रुपवर नावं टाकायची पद्धत बंद करा. तारे रोज तेच पाच असतात, आणि उरलेल्यांना आपली जागा कळून जाते.

मोठ्यांनी स्वतः अडून दाखवणं हेही कामाला येतं. पंधरा महिन्यांच्या बाळांवरचा २०१७ चा एक प्रयोग आहे, तोही लेनर्ड यांचाच. डब्यातून खेळणं काढायला धडपडणारा मोठा माणूस ज्या बाळांनी बघितला, त्यांनी नंतर दुसरं खेळणं चालू करायला जास्त वेळा बटण दाबून बघितलं. आपण तासाला नेहमी तयारी करून येतो, फळ्यावर सगळं पहिल्या झटक्यात सुटतं, आणि मुलांना वाटतं गणित असंच सुटायचं असतं. आठवड्यातून एकदा मुलांनी तुम्हाला कोडं घालावं. येत नसेल तर मोठ्यानं विचार करा, "थांबा, हे नाही लागत. आधी छोटा आकडा घेऊन बघते." खोटं खोटं अडू नका, लेकरांना ते लगेच कळतं.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांबद्दल मात्र मी वेगळं बोलणार आहे. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, लाइट नसते. फोन चार्ज होतो तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर नाहीतर दुकानात. आईबाप पहाटे कोयता घेऊन निघतात आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. तिला "ऑनलाइन तासाला टिकून राहा" म्हणणं मला जमत नाही. तिच्यात टिकाव आपल्यापेक्षा जास्त आहे, तो दुसरीकडे खर्च होतोय. तिच्यासाठी आधी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, म्हणजे ती गावातच राहून शिकेल. ते नाही झालं तर स्थलांतर करण्याआधी शिक्षण हमी पत्रक (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं पत्र) हातात देणं आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी स्वतः फोनवर बोलून तिला वर्गात बसवणं. फोन हा यानंतरचा उपाय आहे, यांच्याऐवजीचा नाही.

तरीही जी मुलं शाळेपासून तुटलेलीच राहतात त्यांच्याशी साध्या कॉलवर, व्हिडिओशिवाय, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पाच-सात मिनिटं बोला. मुकादमाचा नाहीतर शेजारच्या कोपीतला नंबर घेऊन ठेवा. जाताना एक वही आणि गोष्टींची एक-दोन पातळ पुस्तकं सोबत द्या. कॉलवर लेकरानं अर्धं पान मोठ्यानं वाचायचं, तुम्ही ऐकायचं. अडलेला शब्द लगेच सांगू नका, "पहिलं अक्षर वाच, मग दुसरं" एवढंच म्हणा आणि थांबा. तुम्ही थांबता म्हणजे ते जमेल असा तुमचा भरवसा आहे, हे त्याला ऐकू येतं. शेवटी त्यानं त्या आठवड्यात कुठं काय वाचलं ते विचारा: दुकानाची पाटी, खताच्या गोणीवरची अक्षरं, ट्रकच्या मागचं वाक्य. यात डेटा लागत नाही, आणि शाळा आपल्याला विसरली नाही हे त्याला दर आठवड्याला कळतं.

राहिली तुमची तिसरी तक्रार, दहा दिवसांनी निम्मे गळतात ही. हे होणारच, असं धरूनच आखणी करा. कापूस वेचणी येते, वेळ अमावस्या येते, घरात कुणी आजारी पडतं, आठवडा निघून जातो. परत आल्यावर पहिला प्रश्न "का आला नव्हतास?" असा आला की लेकरू पुढच्या वेळी परतच येत नाही, कारण ग्रुपसमोर उत्तर द्यायचं त्याला दडपण येतं. मी प्रत्येक लेकरासाठी वहीत एक पान ठेवायचो. तारीख, कुठं अडलं, काय करून बघितलं. आठवड्यानं परत आलं तर ते पान उघडून म्हणायचं, "तू दहाची नोट मोडण्यापाशी होतास. चल तिथून." गैरहजेरीचा विषयच काढायचा नाही. आणि रोज तासही घेऊ नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा एकाआड एक दिवस ठेवला तर घरच्यांना फोन मोकळा मिळतो आणि तुम्हालाही उत्तरं द्यायला वेळ मिळतो. रोजचा अर्धवट तास घेण्यापेक्षा तीन दिवस नक्की होणारा तास मुलांना जास्त बांधून ठेवतो.

दुसऱ्या बाईंकडच्या पहिली-दुसरीचंही तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथं स्क्रीनवर भर देऊ नका. त्या वयात घरातलं माणूस शेजारी असेल तरच फोनचा उपयोग, नाहीतर फोन हातात आला की लेकरू व्हिडिओकडे वळतं. रोज एक कृती तोंडी कळवा: दहा खडे मोजून दोन ओंजळीत वाटायचे, किती प्रकारे वाटता येतात ते बघायचं. पाच-पाच, सहा-चार, सात-तीन. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांच्या कॉलवर विचारा, "अजून एखादा प्रकार सापडला का?" आणि सापडला नसेल तरी तुम्ही सांगू नका, परवा परत विचारा.